रात्रीच्या शॉटमध्ये ग्रेडनंतर (रंग-उजेड जुळवल्यावर) दाणे, पट्टे आणि चौकोन दिसतात. कॅमेरा खराब आहे की डिनॉइजने (दाणे म्हणजे नॉइज पुसणाऱ्या सॉफ्टवेअरने) जाईल?

कॅमेरा बहुधा धडधाकट आहे. तुम्ही लिहिलंय की रात्रीचे प्रसंग ८ बिट एच.२६४ (व्हिडिओ दाबून लहान करणारा कोडेक) मध्ये, एस-लॉग३ (कॉन्ट्रास्ट फिका ठेवणारा सोनीचा लॉग प्रोफाइल) लावून शूट केले. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर सगळं छान दिसत होतं. ग्रेडमध्ये शॅडो, म्हणजे अंधारे भाग, उचलल्यावर मात्र अंधारात मुंग्या वळवळायला लागल्या, आकाशात पट्टे आले आणि भिंतीवर चौकोन उमटले. फिल्म थिएटरात दाखवायची आहे, म्हणून आता डिनॉइजचं प्लगइन घ्यायच्या विचारात आहात. ते घ्याच, पण तिन्ही तक्रारी त्याने जाणार नाहीत, एखादी वाढेलसुद्धा.

आधी मूळ क्लिप उघडा. ग्रेड बंद, प्रॉक्सी (एडिटसाठीची हलकी प्रत) बंद, प्लेबॅक पूर्ण रिझोल्यूशनला आणि चित्र १०० टक्के आकारात. प्रॉक्सीतले चौकोन बघून कॅमेऱ्याला शिव्या घालणारे मला ग्रेडिंगच्या कामात नेहमी भेटतात. मग अ‍ॅरो की दाबत एकेक फ्रेम पुढे जा. दाणे दर फ्रेमला जागा बदलत असतील, तर तो सेन्सरचा साधा नॉइज. ठिपके किंवा उभ्या रेघा जागच्या हलत नसतील, तर तो फिक्स्ड पॅटर्न. मेनूमध्ये पिक्सेल मॅपिंग किंवा ब्लॅक शेडिंगची (असे ठिपके-रेघा काढायची) सोय असेल, तर ती कॅमेरा गरम झाल्यावर चालवायची. आणि ज्यांच्या कडांचा चित्रातल्या कुठल्याच वस्तूशी संबंध नाही असे जाळीदार चौकोन असतील, तर ते कॉम्प्रेशनचं काम. एच.२६४ चित्राचे १६ गुणिले १६ पिक्सेलचे तुकडे पाडून काम करतो. कडा पुसायला त्यात फिल्टर असतो, त्यामुळे चौकोन धारदार न दिसता फासल्यासारखे दिसतात. आणखी एक खूण: ठरावीक वेळाने नॉइजचा पोत एकदम उसळतो आणि पुन्हा बसतो. तिथे नवीन आय-फ्रेम, म्हणजे मागच्या फ्रेमवर न विसंबता पूर्ण साठवलेली फ्रेम, आलेली असते.

आता नॉइज आणि चौकोन बहुतेक वेळा जोडीने का येतात, ते बघा. मागच्या फ्रेमवरून पुढच्या फ्रेमचा अंदाज बांधायचा आणि जागा वाचवायची, हे एच.२६४चं मुख्य कसब. नॉइजचा अंदाज बांधता येत नाही, तो दर फ्रेमला नवा. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाचा बिट्सचा कोटा, तर ठरलेला. मग बिट्स दाण्यांवर खर्च होतात आणि भिंतीचा खरा पोत, केसांच्या बटा, गडद शर्टाच्या चुण्या सपाट केल्या जातात. म्हणजे मूळ दुखणं एकच: शॉट अंडर आहे, म्हणजे प्रकाश कमी पडलाय.

प्रकाश कमी असला की नॉइज का दिसतो, याचा हिशोब सोपा आहे. एका पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन पडले, तर त्यांतला चढउतार साधारण १०चा, म्हणजे दहा टक्के. १०,००० पडले, तर चढउतार १००चा, म्हणजे एकच टक्का. आयएसओ (सिग्नल वाढवायची सेटिंग) वाढवून फोटॉन वाढत नाहीत. मात्र ज्या कॅमेऱ्यांना दोन बेस आयएसओ (सेन्सर ज्यावर स्वच्छ चालतो ते मूळ आकडे) आहेत, तिथे गंमत असते. सोनीच्या एफएक्स३ला एस-लॉग३ मध्ये ते ८०० आणि १२,८०० आहेत, म्हणून ६,४००पेक्षा १२,८००चे शॅडो स्वच्छ निघू शकतात. आपल्या कॅमेऱ्याचे आकडे बघून ठेवा.

आकाशातल्या पट्ट्यांचं कारण वेगळं. १० बिटमध्ये उजेडाच्या १,०२४ पायऱ्या असतात, ८ बिटमध्ये २५६. एस-लॉग३ मध्ये काळा १० बिटच्या मापात ९५वर बसतो आणि १८ टक्के ग्रे ४२०वर. ८ बिटमध्ये हे अंतर जेमतेम ८० पायऱ्यांचं. रात्रीचा सगळा मजकूर त्यातच कोंबलेला, वर तुम्ही तो ताणला. ही क्लिप प्रोरेसमध्ये (एडिटसाठीचा, कमी दाबलेला फॉरमॅट) बदललीत तर एडिट हलकं चालेल, गेलेल्या पायऱ्या परत येणार नाहीत.

इथेच डिनॉइजची मेख आहे. थोडा नॉइज पट्टे झाकत असतो. तो पुसला की आकाश गुळगुळीत होतं आणि पट्टे उघडे पडतात. चौकोनांचंही तेच, कारण डिनॉइजला ते नॉइज वाटतच नाहीत. म्हणून डिनॉइज अगदी पहिल्या नोडवर (ग्रेडच्या पहिल्या टप्प्यावर), हलक्या हाताने लावा आणि शेवटी वरून बारीक ग्रेन टाका. रिझॉल्व्ह या ग्रेडिंग सॉफ्टवेअरच्या स्टुडिओ आवृत्तीत टेम्पोरल (शेजारच्या फ्रेम जुळवून चालणारा) डिनॉइज आधी वापरा. स्थिर शॉटला तो अप्रतिम चालतो, हलत्या चेहऱ्यामागे मात्र सावली ओढतो, ते तपासा. स्पेशिअल (एकाच फ्रेममध्ये चालणारा) त्यानंतर, तेही लुमापेक्षा (उजेड) क्रोमावर (रंग) जास्त. राखाडी दाणे डोळा खपवून घेतो, रंगीत डाग नाही. ब्लू चॅनल एकटा काढून बघा. पिवळ्या टंगस्टन दिव्यात निळा प्रकाशच कमी असतो, व्हाइट बॅलन्स तो चॅनल वाढवतो आणि बहुतेक घाण तिथेच सापडते. शार्पनिंग या शॉट्सना अजिबात नको.

चौकोनांवर माझ्याकडे एकच खरा उपाय आहे: शॅडो इतके उचलू नका. भिंत काळी राहिली तर राहू दे, रात्रच आहे ती.

पुढच्या वेळी ८ बिट कॅमेऱ्यावर रात्री लॉग नकोच, साधा प्रोफाइल कॉन्ट्रास्ट थोडा कमी करून वापरा. लॉगच हवा असेल तर १० बिट, शक्यतो ऑल-इंट्रा (प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवणारा), आणि एक्सपोजर एक-दोन स्टॉप वर (दर स्टॉपला प्रकाश दुप्पट). स्क्रीनवर भरवसा न ठेवता वेव्हफॉर्म, म्हणजे उजेडाचा आलेख, बघा. आणि एखादा दिवा जास्त लावा, ते प्लगइनपेक्षा केव्हाही बरं.

थिएटरचं म्हणाल, तर डीसीपीमध्ये (थिएटरात चालवायच्या डिजिटल प्रतीत) जेपीईजी २००० हा कोडेक असतो, १२ बिट आणि नेहमीच्या २के, २४ फ्रेमला जास्तीत जास्त २५० मेगाबिट प्रति सेकंद, म्हणजे फ्रेममागे साधारण १.३ मेगाबाइट. तो वेव्हलेटवर, म्हणजे असे छोटे चौकोनी तुकडे न पाडता, चालतो, त्यामुळे ताण आला तर चित्र मऊ पडतं, एच.२६४सारखे चौकोन पडत नाहीत. पडद्यावर चौकोन दिसले तर ते तुमच्या मास्टरमधून आलेले असणार. तेव्हा डीसीपी बनवणाऱ्याला एच.२६४चा एक्सपोर्ट देऊ नका, प्रोरेस ४२२ एचक्यू किंवा ४४४४ द्या, आणि देण्याआधी सर्वांत अंधाऱ्या प्रसंगाची दोन मिनिटं मोठ्या पडद्यावर, दिवे घालवून बघा.