प्रोसेसरचा गिगाहर्ट्झ वाढायचा का थांबला?

प्रश्न असा आहे: २००४ मध्ये इंटेलचा पेंटियम ४ हा प्रोसेसर ३.८ गिगाहर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला ३.८ अब्ज ठोक्यांवर) होता, आजचे प्रोसेसर ५-६ च्या आसपासच. मग पुढे वेग वाढणार कसा?

आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याला विचारा. फेरे वाढवत गेलं की एका हद्दीनंतर टूल जळतं. मग काम वाढलं की गडी शेजारी दुसरा लेथ टाकतो. इथंही तेच झालं. पूर्वी ट्रान्झिस्टर (चिपमधला वीज चालू-बंद करणारा बारीक स्विच) लहान झाला की व्होल्टेजही कमी करता यायचं, म्हणून उष्णता आटोक्यात राहायची. २००५ च्या सुमारास ते जमेनासं झालं, कारण व्होल्टेज फार उतरवलं की बंद ट्रान्झिस्टरमधूनही वीज गळते. मग एकाच चिपवर आले दोन, चार, आठ कोअर, म्हणजे शेजारी शेजारी काम करणारे प्रोसेसर.

पण दहा लेथ टाकले म्हणून एकच शाफ्ट दहापट लवकर होत नाही. संगणक रचणाऱ्या जीन अ‍ॅमडालनं हे १९६७ सालीच मांडलं होतं.

माझ्या मते आता खरी अडचण मेमरीची आहे. बेरीज करण्यापेक्षा तो आकडा मेमरीतून आणायलाच कितीतरी जास्त वीज आणि वेळ जातो. कास्टिंग शिरोलीहून यायलाच दुपार झाली तर लेथ रिकामाच की! म्हणून एएमडीनं २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डीत जादा कॅश (हाताशी ठेवलेली छोटी, वेगवान मेमरी) थेट प्रोसेसरच्या डोक्यावर रचली. पुढची चाल हीच: थर रचणं, चिपलेट (चिपचे छोटे सुटे तुकडे) जोडणं आणि एआयसारख्या कामाला वेगळी चिप.

आणि हो, चिप बनवण्याच्या तंत्राला ‘३ नॅनोमीटर’ म्हणतात, ते फक्त नाव आहे. चिपमध्ये तेवढ्या मापाचं काही शोधत बसू नका.