जानेवारीत पहाटे धुळ्याहून तोरणमाळला जायचंय, थंडी न बाधणारी टूरिंग बाईक कोणती?

इंजिनच्या सीसीपेक्षा वारा किती अडतो ते आधी बघा. पारा ८ अंशांवर असताना ८०च्या वेगाने गेलात, की अंगाला ती थंडी १-२ अंशांसारखी लागते. म्हणून नेकेड, म्हणजे समोर काच वा आवरण नसलेली बाईक नको.

माझी पसंती रॉयल एनफील्डची हिमालयन ४५०. समोर काच आहे, बसणं सरळ. सीट ८२५ मिमी, वजन मात्र १९६ किलो. उंची बेताची असेल तर दोन्ही पाय टेकतात का, ते शोरूममध्येच बघून घ्या. काचेची वरची कड नाकाच्या रेषेत हवी. डोळ्यांसमोर आली तर दवाने पुढचं काही दिसत नाही.

आधी गारठतात ती बोटं, मग क्लच-ब्रेक उशिरा दाबला जातो. बोटांवरचा वारा अडवणारे हँडगार्ड लावाच. हीटेड ग्रिप (हँडलच्या गरम होणाऱ्या मुठी) ३०-४० वॅट खातात. त्यांची वायर थेट बॅटरीला जोडू नका, बंद करायचं विसरलात की सकाळी स्टार्टर फिरत नाही. इग्निशनवर चालणारा रिले (चावी बंद केली की वीज तोडणारा स्विच) आणि ५ अँपिअरचा फ्यूज टाका.

टायरची हवा पहाटे, गाडी थंड असतानाच तपासा. तापमान ५-६ अंश उतरलं की साधारण १ पीएसआय कमी होते. आणि हेल्मेटच्या आत कानटोपी नाही, बफ (मान-तोंड झाकणारी पातळ कापडी नळी) घाला. हेल्मेट नीट बसतं.