'बहुवादक' म्हणावे की 'बहुवाद्यवादक'?

प्रश्न : न्यूयॉर्कचे मॅट डॅरिओ सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, कावल आणि गायदा (ही दोन आग्नेय युरोपातल्या बाल्कन भागातली वाद्यं) वाजवतात, बाल्कन लोकसंगीत जॅझमध्ये आणतात. त्यांच्या इंग्रजी परिचयातल्या 'मल्टि-इन्स्ट्रुमेंटलिस्ट'साठी मराठीत 'बहुवादक' चालेल का?

'बहुवादक' टाळलेला बरा. 'बहुवाद' हा शब्द तत्त्वज्ञानात आणि राज्यशास्त्रात आधीच रुळलेला आहे, त्यामुळे वाचकाचं लक्ष तिकडे जातं. शिवाय 'बहुभाषक' म्हणताना भाषा दिसते, तसं इथे वाद्य दिसत नाही. 'पुष्कळ वाजवणारा' असाही अर्थ लागेल, आणि तो कौतुकाचा असेलच असं नाही! 'बहुवाद्यवादक' अर्थाला बिनचूक आहे, पण निवेदकाची जीभ 'वाद्यवाद'वर अडखळते. छापायला तो वापरा. बोलायला 'अनेक वाद्यं वाजवणारे' पुरे. 'अष्टपैलू' किंवा 'हरहुन्नरी' ही प्रशस्ती झाली. हरहुन्नरी माणूस एखादं वाद्य वाजवून चित्रंही काढत असेल.

पण डॅरिओंसाठी याहून नेमका शब्द आपल्याकडे आहे : सुषिरवादक. तत (तारांची), अवनद्ध (कातड्याने मढवलेली), घन (ठोकून वाजणारी), सुषिर या वाद्यांच्या जुन्या वर्गवारीत त्यांची ही चारही वाद्यं सुषिर, म्हणजे फुंकीची. त्यात सतार किंवा तबला आला असता तर हा शब्द अपुरा पडला असता.

वाद्यांची नावं मात्र भाषांतरित करू नयेत. कावलला 'बासरी' म्हटलं की आडवी बासरी डोळ्यांपुढे येते, आणि 'अलगूज' म्हटलं की तोंडाशी खाच असलेलं. कावल दोन्ही टोकांना उघडा असतो. तो तिरका धरून वरच्या टोकाच्या कडेवर फुंकतात. गायदा ही कातडी पिशवीची. स्वर पिशवीतल्या हवेवर चालत असल्याने मध्येच थांबता येत नाही. तोच स्वर पुन्हा वाजवायचा तर मध्ये दुसऱ्या स्वराचा कण घालून तोडावा लागतो. तिला सरळ 'बॅगपाइप' म्हटलंत तर वाचक स्कॉटलंडला पोचेल.

सगळ्यात फसवा शब्द 'तांबुरा'. डॅरिओंच्या पॅराडॉक्स ट्रिओ या संचात (नाव 'ट्रिओ', माणसं चार, म्हणून 'त्रिकूट' लिहू नका) गिटार वाजवणारे ब्रॅड शेपिक हे तांबुराही वाजवतात. बल्गेरियाचा तांबुरा पडदे असलेला, नखीने छेडायचा, धून वाजवायचा. आपला तंबोरा बिनपडद्यांचा, फक्त आधारस्वर देणारा. तेव्हा 'बल्गेरियन तांबुरा' असंच लिहा, नाहीतर ते मागे बसून सूर धरतात असा समज होईल.

बाल्कन संगीतातल्या तालाबद्दलही एक सूचना. ७ मात्रा दिसल्या की आपण 'रूपक' लिहून मोकळे होतो. रूपकाचे खंड ३+२+२. बल्गेरियन रचेनित्सा या नाचाचे २+२+३, म्हणजे लांब खंड शेवटी. ग्रीक नाच कालामातियानोस ३+२+२ आहे, तिथे 'रूपकासारखी विभागणी' एवढं म्हणता येईल. पण रूपकाची खाली (टाळीऐवजी रिकामा हात दाखवायची जागा), ठेका (तबल्याचे ठरलेले बोल) त्यात नाही. 'मिश्र ताल' तर नकोच : कर्नाटक पद्धतीत 'मिश्र' म्हणजे ७, आणि बल्गेरियन नाच कोपानित्सा निघतो ११ मात्रांचा, २+२+३+२+२. 'विषम मात्रांचे ताल' म्हणा आणि पुढे आकडे द्या.

'फ्यूजन'ला 'संकर' नको, त्याला बियाण्याचा वास येतो. 'मिलाफ' छान बसतो.