शोरूमने आकडे नाकारले म्हणून विषय सोडावा का?

सप्रेम नमस्कार,

आपल्या पत्रानुसार आपली कन्या सांगलीत एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला असून इलेक्ट्रिक दुचाकींच्या मागणीवर प्रकल्प करते आहे. शोरूमने मासिक विक्रीचे आकडे देण्यास नकार दिल्यामुळे तिने अंदाजाने आकडे भरून प्रकल्प उरकावा आणि बँकेच्या परीक्षांना लागावे, असे आपले म्हणणे आहे.

शोरूमच्या नकाराची मला चिंता वाटत नाही; अंदाजाने आकडे भरण्याचा सल्ला वडिलांनी द्यावा, याची वाटते. ओळख आपणच काढलीत, फोन आपणच केलेत, पत्रही आपणच लिहिलेत. तिला स्वतःला काय वाटते, याचे एक वाक्यही त्यात नाही. विश्लेषक होऊ पाहणाऱ्या मुलीला खोटे आकडे लिहायला सांगून वर ‘हे क्षेत्र तुला जमणार नाही’ असे म्हणणे तिच्यावर अन्याय करणारे आहे. बँकेची पीओ परीक्षा तिशीपर्यंत देता येते, तिची आज घाई नको.

कंपनीचे आकडे मिळाले नाहीत म्हणजे विषयच संपला, हा समज मात्र मुळातच चुकीचा आहे. बाहेरच्या माणसाला आपली विक्री कोणताही व्यावसायिक सहसा दाखवत नाही. पण गाडी रस्त्यावर आणायची तर आरटीओत नोंदणी करावी लागते आणि त्या नोंदणीचे आकडे केंद्र सरकारच्या ‘वाहन’ डॅशबोर्डवर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. तेथे सांगलीचे एमएच-10 कार्यालय निवडून महिना, उत्पादक आणि इंधन यांनुसार तक्ते काढता येतात. इंधनाच्या यादीत ‘इलेक्ट्रिक (बीओव्ही)’ आणि ‘प्युअर ईव्ही’ अशा दोन वेगळ्या नोंदी आहेत; त्यांपैकी एकच धरली, तर आकडा कमी भरतो. ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या, 250 वॅटपेक्षा कमी शक्तीच्या दुचाकींना नोंदणी लागत नसल्याने त्या यात दिसणार नाहीत, आणि महिनाअखेरीस विकलेल्या गाडीची नोंद पुढच्या महिन्यात पडू शकते. या मर्यादा तिने संशोधनपद्धतीच्या प्रकरणात स्पष्ट लिहाव्यात.

एका शोरूमची विक्री यातून कळणार नाही. म्हणून ‘सांगलीत कोणत्या कंपनीच्या इलेक्ट्रिक दुचाकींची नोंदणी कशी बदलत गेली’ असा प्रश्न घ्यावा आणि तो बदल मार्गदर्शक प्राध्यापकांकडून आधी मान्य करून घ्यावा. सगळ्या कंपन्या एकत्र दिसत असल्याने हा प्रश्न मला मूळ विषयापेक्षा सरस वाटतो.

यापुढचे पत्र तिने स्वतः लिहावे आणि सोबत तिने काढलेला पहिला तक्ता जोडावा.