मुलाची भाषा बिघडली असं वाटतं तेव्हा

"मॅडम, घरी आम्ही नीट इंग्रजी बोलतो. मग हा असा कसा बोलायला लागला?" मी समुपदेशक आहे, आणि लंडनमधल्या मराठी आईवडिलांकडून हे मी सतत ऐकते. तक्रारीतले शब्दही ठरलेले. 'धिस'चं 'डिस', 'थिंग'चं 'टिंग', वाक्यावाक्याला 'इनिट' (म्हणजे 'हो ना?'), मित्रांचा घोळका म्हणजे 'मॅनडेम'. आणि या सगळ्यामागे एकच धास्ती: मुलगा वाईट संगतीला लागला.

अशीच एक आई पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. त्याला अथर्व म्हणूया. सुरुवातीच्या भेटींत बोलायची ती, तो जमिनीकडे बघत बसायचा.

"त्या जमैकन मुलांसारखं बोलतो. ती मुलं कशी असतात, तुम्हाला माहीतच आहे."

"त्यातल्या किती जणांना तुम्ही भेटलायत?"

एकालाही नाही.

मी तिला या बोलीचा प्रवास सांगितला. 1948 मध्ये 'एम्पायर विंडरश' जहाजातून जमैकासारख्या कॅरिबियन बेटांवरची माणसं आली, मागून आणखी येत राहिली, लंडनच्या ब्रिक्स्टन-हॅकनीसारख्या भागांत वसली. त्यांच्या मुलांची इंग्रजी शाळेच्या मैदानात शेजारच्या बंगाली, तुर्की, आफ्रिकी, गोऱ्या मुलांच्या तोंडी गेली आणि तिथे तिच्यात बरंच काही मिसळलं. पॉल कर्सविल आणि जेनी चेशायर या भाषाशास्त्रज्ञांनी या शतकाच्या पहिल्या दशकात हॅकनीतल्या तरुणांचं बोलणं अभ्यासलं. ही बोली तिथे गोरी मुलंही बोलत होती, आणि ज्यांचे मित्र वेगवेगळ्या समाजांतले, त्यांच्या बोलण्यात ती जास्त होती. या वयात उच्चार घरापेक्षा सवंगड्यांकडून येतात.

आईने ऐकून घेतलं, पण पटलेलं दिसलं नाही. मग मी अथर्वला विचारलं, "घरी शेवटचं काय सांगायला गेलास?"

बराच वेळ गेला. "माझ्या मित्राला पोलिसांनी रस्त्यात थांबवून झडती घेतली. मी तिथेच होतो. मला काहीच केलं नाही, फक्त त्यालाच. घरी येऊन सांगत होतो, तर आई म्हणाली, 'डिस' नाही, 'धिस' म्हण. मग नाही सांगितलं."

आईला ती संध्याकाळ आठवत होती. उच्चार सुधारलेला आठवत होता, झडतीचं मात्र तिच्या कानांपर्यंत पोचलंच नव्हतं. ती रडली. मी मध्ये काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प राहावं, हे मी फार जपते. मग तिनेच विचारलं, "तुला भीती वाटली का रे?" तो बोलत राहिला, मराठीत, मध्येच त्याच्या त्या इंग्रजीत. तिने एकदाही अडवलं नाही.

माझी श्रद्धा अशी, की किशोरवयीन मुलाचं बोलणं आधी नातं म्हणून ऐकायचं. तो कोणाचा मित्र आहे, हे तो बोलण्यातून सांगत असतो. तो उच्चार तोडायला सांगणं म्हणजे ती मैत्री तोडायला सांगणं. 2013 मध्ये दक्षिण लंडनमधल्या एका शाळेने 'इनिट'सकट काही शब्दांवर बंदी घातली होती. घरात तरी अशी बंदी घालू नका.

काळजी करायची तर वेगळ्या गोष्टींची करा: शाळा बुडणं, कुठून आले ते न सांगता येणारे पैसे, रात्रीअपरात्री गायब होणं. त्यांच्याबद्दल लगेच बोला, शाळेलाही कळवा.

आणि सिक्स्थ फॉर्मच्या, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांच्या प्रवेशाच्या मुलाखतीचं म्हणाल, तर त्यासाठीची इंग्रजी वेगळी बसून सराव करण्याची गोष्ट आहे. मुलाला विचारून वेळ ठरवा, प्रश्न तुम्ही विचारा, उत्तरं त्याला देऊ द्या. जेवणाच्या टेबलावर तो सराव नको.