वाचक विचारतात: कापसाच्या वावरातून आलेला फ्रेडी फेंडर

प्रश्न: माह्या दोस्तानं मले मोबाईलवर एक गाणं पाठवलं, अर्धं इंग्रजी अन् अर्धं भलत्याच भाषेत. गाणारा फ्रेडी फेंडर म्हणून लिहिलं होतं. आवाज असा का अंगावर काटा आला. हा मानूस कोन, कुठचा? अन् दुसरं असं का मी लग्नात, बारशात ऑर्केस्ट्रात गातो, मधात दोन गाणे वऱ्हाडीतले म्हणतो त पार्टीवाले म्हणतात हे बंद कर, हिंदीच म्हण. आपल्या बोलीतलं गाणं दूर जाऊ शकते का नाही?
– एक वाचक, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर: भाऊ, तुम्ही नाव लिहिलं नसतं तरी मी ओळखलं असतं, कारण अर्धं इंग्रजी अर्धं स्पॅनिश आणि वरून तो थरथरता उंच आवाज, म्हणजे 'बिफोर द नेक्स्ट टिअरड्रॉप फॉल्स'च असणार. आणि तुमचा दुसरा प्रश्न खरं तर पहिल्याच प्रश्नात आहे, कसं ते सांगतो.

फ्रेडी फेंडर हे त्याचं जन्माचं नाव नाही. तो बाल्देमार उएर्ता, जन्म 4 जून 1937, गाव सान बेनितो, अमेरिकेच्या टेक्सास राज्याचं एकदम दक्षिणेचं टोक, रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात, नदीपलीकडे मेक्सिको. उएर्ता म्हणजे स्पॅनिशमध्ये मळा. पण घरचा मळा कुठला, हे लोक दुसऱ्यांच्या वावरात राबणारे. हंगाम आला की अख्खं बिऱ्हाड घेऊन निघायचं, मिशिगनमध्ये बीट काढायचे, ओहायोत काकड्या तोडायच्या, इंडियानात टमाटे, आणि आर्कान्सात कापूस वेचायचा. आपल्याकडे दिवाळीनंतर वेचणीला बाया पहाटेच टोपल्यात भाकर बांधून निघतात, कमरेला ओटी, बोटं बोंडाच्या काट्यांनी सोललेली, लहान पोरगं धुऱ्यावर झाडाखाली ठेवलेलं, ते ज्यानं पाहिलं त्याला या माणसाचं बालपण वेगळं समजावून सांगायची गरज नाही. तिथंही वेचणाऱ्यांची मुलं वावरातच मोठी झाली आणि गाणंही वावरातच ऐकलं, आपल्या मेक्सिकन लोकांचं स्पॅनिश गाणं आणि सोबत राबणाऱ्या काळ्या मजुरांचं ब्लूज, म्हणजे त्यांचं दुःखाचं गाणं. त्याच्या गळ्यात पुढे जे दोन्ही मिसळलं ते तिथून आलं असं मला वाटतं, शिकून असं येत नाही.

पहिली गिटार त्यानं स्वतः केली होती, सार्डिन मासळीच्या रिकाम्या डब्याची, तारा जाळीच्या दाराच्या. दहा वर्षांचा असताना शेजारच्या हारलिंजन गावच्या रेडिओवर गायला आणि बक्षीस मिळालं ते किराण्याचं, साधारण 10 डॉलरचं सामान. सोळाव्या वर्षी शाळा सोडून मरीन सैन्यात गेला, तिथं शिस्त काही जमली नाही, 1956 मध्ये बाहेर पडला आणि खोऱ्यातल्याच बारमध्ये, नाचाच्या कार्यक्रमात गायला लागला. तेव्हा एल्व्हिस प्रेस्लीचा जमाना होता, यानं एल्व्हिसचंच गाणं स्पॅनिशमध्ये म्हटलं, 'एल बीबॉप किड' या नावानं, आणि ते मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेत चाललं. म्हणजे बघा, पहिलं यश आपल्याच भाषेत मिळालं.

मग नाव बदललं. फेंडर घेतलं ते गिटार आणि ॲम्प्लिफायरच्या कंपनीवरून, फ्रेडी घेतलं कारण त्याच्याशी जुळतं आणि गोऱ्या लोकांत असं नाव जास्त विकलं जाईल, हे त्यानं स्वतःच उघडपणे सांगितलंय. मला हे वाचून दरवेळी वाईट वाटतं. मळा असं नाव असलेला माणूस ते टाकून कंपनीचं नाव लावतो, कारण मळा विकला जात नाही. पण त्याला मी दोष देणार नाही, त्या काळच्या टेक्सासात मेक्सिकन पोराला शाळेत स्पॅनिश बोलला म्हणून मार बसायचा.

1959 मध्ये त्यानं 'वेस्टेड डेज अँड वेस्टेड नाइट्स' रेकॉर्ड केलं, स्वतः लिहिलेलं, आणि ते वर चढायला लागलं तोच मे 1960 मध्ये लुइझियानातल्या बॅटन रूज इथं गांजा बाळगल्याबद्दल पकडला गेला. अंगोला नावाच्या तुरुंगात जवळपास तीन वर्षं. किरकोळ गांजासाठी तीन वर्षं! 1963 मध्ये सुटला तेव्हा संधी निघून गेलेली. काही वर्षं न्यू ऑर्लिन्सच्या बारमध्ये गायला, मग 1969 च्या सुमारास परत गावाकडे, दिवसा गाड्या दुरुस्त करायच्या, शनिवार-रविवारी गायचं, आणि सोबत कॉर्पस क्रिस्टीच्या कॉलेजात शिकायलाही जायचा. तिशी ओलांडलेला, तुरुंगातून आलेला मेकॅनिक, गावात लोक ओळखतात, गावाबाहेर कोणी नाही. भाऊ, इथं बहुतेक लोकांचं गाणं संपतं.

1974 मध्ये ह्यूस्टनचा निर्माता ह्यूई मो यानं त्याला एका तयार ट्रॅकवर गायला लावलं. गाणं तुमच्या मोबाईलवर आलेलं तेच, 'बिफोर द नेक्स्ट टिअरड्रॉप फॉल्स', आधीचंच, इतरांनी म्हटलेलं, फार न चाललेलं. फ्रेडीला त्यातून काही होईल असं वाटत नव्हतं, थोड्या मिनिटांत आटोपलं. पण म्हणताना त्यानं एक कडवं इंग्रजी सोडून स्पॅनिशमध्ये म्हटलं. तेच गाणं 1975 मध्ये आधी कंट्री संगीताच्या, म्हणजे तिकडच्या गावाकडच्या गाण्यांच्या, यादीत पहिलं आलं आणि 31 मेच्या आठवड्यात बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेत कोणतं गाणं किती चाललं हे सांगणाऱ्या मासिकाच्या, मुख्य यादीतही पहिलं. ज्या गोऱ्या ट्रक ड्रायव्हरला, शेतकऱ्याला स्पॅनिशचा एक शब्द कळत नव्हता तोही ते कडवं गुणगुणत होता. त्याच वर्षी 'वेस्टेड डेज' परत रेकॉर्ड केलं, पंधरा वर्षं वाया गेलेलं गाणं, तेही कंट्रीत पहिलं आणि मुख्य यादीत आठवं.

आता तुमच्या पार्टीवाल्यांचं. ते चूक आहेत असं मी एका झटक्यात म्हणणार नाही, पैसे देणारा फर्माईश करणारच. पण फ्रेडीनं केलं ते नीट बघा: गाणं सगळ्यांना कळणाऱ्या भाषेत सुरू केलं, लोकांना आत घेतलं, मग मधात आपलं कडवं ठेवलं, आणि ते कडवं अनुवाद म्हणून न म्हणता पूर्ण जीव लावून म्हटलं. तुम्ही वऱ्हाडीची दोन गाणी कार्यक्रमाच्या शेवटी, लोक जेवायला उठल्यावर म्हणत असाल तर ती पडणारच. हिंदी गाणं रंगात आलं की मधल्या जागेत दोन ओळी आपल्या टाकून बघा ना. आणि आपल्याच भागात बघा, झाडीपट्टीची नाटकं दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजपासून गावोगाव रात्रभर चालतात, लोक तिकीट काढून बसतात, तिथं बोलीची लाज कोणाला वाटत नाही. तुकडोजी महाराज मोझरीहून खंजिरी घेऊन 1955 मध्ये जपानपर्यंत जाऊन आले, हिंदीतही भजनं लिहिली, पण ग्रामगीता लिहिली ती मराठीतच. दोन्ही भाषा एकाच माणसाच्या तोंडात राहू शकतात.

पुढचं थोडक्यात सांगतो कारण ते दुःखाचं आहे. यश आलं तशी दारू आणि ड्रग्जही आलं, 1985 मध्ये व्यसनमुक्ती केंद्रात गेला. त्यातून उठून 1989 मध्ये डग साम, ऑगी मायर्स आणि ॲकॉर्डियनवाला (गळ्यात अडकवून भात्यानं वाजवायची पेटी) फ्लाको हिमेनेस यांच्यासोबत 'टेक्सास टॉर्नेडोज' नावाचा बँड काढला, ग्रॅमी म्हणजे अमेरिकेतला संगीताचा मोठा पुरस्कार मिळाला. 2002 मध्ये पोरीनं स्वतःची किडनी दिली, 2004 मध्ये यकृत बदललं, आणि 14 ऑक्टोबर 2006 ला फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेला, वय 69. गावात, सान बेनितोतच पुरलंय, तिथल्या पाण्याच्या टाकीवर त्याचं चित्र आहे. आणि शेवटचा अल्बम सगळा स्पॅनिश बोलेरोंचा, म्हणजे संथ प्रेमगीतांचा, नाव 'ला म्युसिका दे बाल्देमार उएर्ता', 2002 चं ग्रॅमी त्यालाच मिळालं. कव्हरवर मळा परत आला.

प्रश्न: सर, डब्याची गिटार खरंच वाजते का? आमच्या शाळेत मुलांकडून करून घ्यायची आहे. आणि त्यांच्याकडचं मूळ वाद्य कोणतं?
– एक शिक्षक, चिमूर तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर: वाजते हो, आपलं तुणतुणं म्हणजे काय आहे? एक नळा, तळाला चामडं, एक तार, एक काठी. मी लहानपणी डालड्याच्या डब्याला वेळूची काठी ठोकून सायकलच्या ब्रेकची एक सुटी तार लावली होती, गोंधळ्यासारखं टुणटुण वाजायचं, दोन पोरींनी त्यावर भुलाबाईचं गाणंही म्हटलं होतं. एवढंच बघा की डब्याचा पत्रा पातळ हवा, जाड असला तर कंप पावत नाही, आणि तार काठीवर टेकू नये म्हणून डब्याजवळ लाकडाचा छोटा घोडा द्या. कापलेल्या पत्र्याची कड हातोडीनं आत वळवूनच मुलांच्या हाती द्या, ही गोष्ट विसरू नका.

त्या खोऱ्यातलं मूळ संगीत म्हणजे कोंहुंतो. त्यात मुख्य दोन, बटनाचं ॲकॉर्डियन आणि बाहो सेक्स्तो, म्हणजे बारा तारांची खर्जातली जाड गिटार. ॲकॉर्डियन आणलं जर्मन आणि चेक लोकांनी, जे टेक्सासात शेती करायला आले होते, सोबत पोल्का नाचही आला, आणि मेक्सिकन मजुरांनी ते वाद्य उचलून आपलं करून टाकलं. हे नवल वाटायचं काही कारण नाही, आपली पेटीसुद्धा युरोपातूनच आली ना, आता तिच्याशिवाय भजन बसत नाही. या कोंहुंतोचा जनक म्हणतात तो नार्सिसो मार्तिनेस सान बेनितोकडचाच, 1936 मध्ये त्याच्या पहिल्या रेकॉर्ड निघाल्या, आणि तो खोऱ्यात इतका नावाजलेला असूनही पोटासाठी ट्रक चालवायचा, म्हातारपणी ब्राउन्सव्हिलच्या प्राणिसंग्रहालयात कामाला होता.

प्रश्न: हे सगळे पुरुषच झाले. तिकडं गिटार घेऊन गाणारी एखादी बाई नव्हती का? आमच्या भजनी मंडळात मी पेटी वाजवते म्हणून विचारते.
– एक वाचक ताई, हिंगणघाट

उत्तर: होती ताई, आणि या सगळ्यांच्या आधी होती. लिडिया मेंदोसा, जन्म 1916, ह्यूस्टन. गिटार आईनं शिकवली. हेही फिरतं बिऱ्हाड, मिशिगनच्या बीटाच्या शेतात राबलेलं, आणि मग सान अँतोनियोच्या बाजारचौकात सगळं कुटुंब उघड्यावर गायचं, लोक नाणी टाकायचे. चुइंगमच्या कागदांवर तेव्हा गाण्यांचे बोल छापून यायचे, तसल्या एका कागदावर तिला लहानपणी 'माल ओम्ब्रे' म्हणजे 'वाईट माणूस' या गाण्याचे बोल मिळाले, बाईनं फसवणाऱ्या पुरुषाला तोंडावर सुनावलेलं गाणं. 1934 मध्ये ते तिनं एकटीनं, फक्त आपल्या बारा तारांच्या गिटारवर रेकॉर्ड केलं आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना घराघरात गेलं. लोक तिला सीमेवरची चंडोल म्हणायचे, गरिबांची गायिका म्हणायचे. 1999 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते नॅशनल मेडल ऑफ आर्ट्स मिळालं, 2007 मध्ये गेली. आणि जन्मभर स्पॅनिशमध्येच गायली, नावही बदललं नाही. फ्रेडी मला फार आवडतो पण खरं सांगायचं तर या बाईपुढे मी जास्त वेळ मान खाली घालून बसतो. तुम्ही पेटी सोडू नका ताई.

प्रश्न: ऐकायचं तर सुरुवात कुठून करू? नेटपॅक थोडाच आहे.
– एक वाचक, मेळघाट

उत्तर: चारच ऐका. पहिलं 'बिफोर द नेक्स्ट टिअरड्रॉप फॉल्स', स्पॅनिश कडवं आल्यावर आवाज कसा बदलतो तिकडं लक्ष ठेवा. मग 'वेस्टेड डेज'ची 1959 ची आणि 1975 ची अशी दोन्ही रेकॉर्डिंग एकामागे एक, बावीस वर्षांचा पोरगा आणि अडतीस वर्षांचा माणूस एकच गाणं म्हणतोय, मध्ये तुरुंग आहे, फरक शब्दात नाही, श्वासात आहे. चौथं लिडियाबाईचं 'माल ओम्ब्रे'. गावात रेंज असेल तेव्हा डाउनलोड करून ठेवा आणि इअरफोन लावून ऐका, मोबाईलच्या स्पीकरवर बारा तारांचा खर्ज ऐकूच येत नाही.