आधी लिंबू आणि हरभरा, मग मोबाइल

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लेक नऊ वर्षांची, मराठी शाळेत चौथीला, चांद्रयान उतरतानाचा व्हिडिओ तिला पाठ झालाय. घरी दुर्बीण नाही, इंग्रजी जेमतेम आणि राहायला लातूर. तर तिला इंटरनेटवरचं नेमकं काय दाखवायचं? बरीच वर्षं शाळेतल्या मुलांना आकाश दाखवतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या दिवशी मोबाइल बाजूला ठेवा. चार सेंटिमीटरचं एक लिंबू आणि एक टपोरा हरभरा घ्या. लिंबू पृथ्वी, हरभरा चंद्र. लेकीला विचारा, चंद्र कुठे ठेवू? आमच्या मैदानावर जवळजवळ प्रत्येक मूल तो वीतभर अंतरावर ठेवतं, कारण पुस्तकातल्या चित्रात तसाच असतो. खरं अंतर येतं १२० सेंटिमीटर. याच मापाने सूर्य साडेचार मीटरचा गोळा होतो आणि जवळपास ४७० मीटरवर जातो, म्हणजे गल्ली ओलांडून पार पलीकडे. अंतराळवीर राहतात ते अंतराळ स्थानक मात्र लिंबाच्या सालीपासून फक्त सव्वा मिलिमीटरवर! एक मुलगी तेव्हा म्हणाली होती, "मग ते अंतराळात कसलं, ते तर सालीलाच चिकटलंय." हे एकदा हाताने केलं की पुढे स्क्रीनवर दिसणारं प्रत्येक चित्र मूल तपासून बघतं.

आता स्टेलॅरियम, म्हणजे आकाशाचा नकाशा दाखवणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, ब्राउझरमध्येही चालतं. सगळ्यात आधी ठिकाण लातूर करा, हे विसरू नका. मुलांसाठीची बहुतेक परदेशी पानं युरोप-अमेरिकेच्या आकाशावर बेतलेली असतात. तिथे ध्रुवतारा उंच दिसतो. आपल्याकडे तो क्षितिजापासून जेमतेम १८ अंशांवर, म्हणजे हात लांब करून एकावर एक दोन मुठी धरल्या तर त्याच्याही जरा खाली. त्यांच्या चित्रातली चंद्रकोर उभी असते, आपली फाल्गुन-चैत्रात होडीसारखी आडवी पडलेली असते. मूल बाहेर जाऊन बघतं, चित्राशी जुळत नाही, आणि आपलंच चुकलं असं त्याला वाटतं. एवढ्या एका कारणाने मुलांची गोडी गेलेली मी पाहिली आहे.

थंडीत मृग शोधा. पोटातले तीन तारे म्हणजे बाण. ती रेघ एका बाजूला वाढवली की व्याध, दुसऱ्या बाजूला रोहिणी. स्टेलॅरियममध्ये तिथे शिकारी दिसेल, आपल्याकडे हरीण आहे. दोन्ही गोष्टी सांगा. आजी असेल तर तिलाही गच्चीवर न्या, ही नावं तिच्या ओठांवर असतात.

चांद्रयानाचं वेड तिला आहेच, तर ते खोलवर न्या. इस्रोच्या यूट्यूब वाहिनीवर चांद्रयान-३ उतरतानाचं, २३ ऑगस्ट २०२३चं थेट प्रक्षेपण आहे. पडद्यावरच्या आलेखाकडे तिचं लक्ष वेधा: आधी आखून ठेवलेली रेघ आणि तिच्यावरून सरकणारा ठिपका. यान सुमारे ३० किलोमीटर उंचीवरून निघतं आणि संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी टेकतं. मग ७ सप्टेंबर २०१९च्या पहाटेचं, चांद्रयान-२ उतरतानाचं थेट प्रक्षेपण लावा. तिथे २.१ किलोमीटर उंचीपर्यंत सगळं ठीक असतं, मग तोच ठिपका रेघेवरून ढळतो आणि पुढे संपर्क तुटतो. दोन्ही पाठोपाठ बघितलेलं मूल "का?" विचारल्याशिवाय राहत नाही, आणि टाळ्यांच्या व्हिडिओपेक्षा तो प्रश्न मोलाचा. एखाद्या शुद्ध सप्तमी-अष्टमीला तिला अर्धा चंद्र दाखवा. चांद्रयान-३मधलं उतरणारं यान, विक्रम, टेकलं त्या संध्याकाळी चंद्र साधारण असाच होता. चंद्रावरचा दिवस आपल्या चौदा दिवसांचा, यान सूर्यप्रकाशावर चालणारं, म्हणून तिथली सकाळ गाठून ते उतरवलं.

नासाचं 'आइज' हे सूर्यमाला दाखवणारं संकेतस्थळ इंग्रजी न येताही वापरता येतं, कारण सगळं बोटाने फिरवून बघायचं असतं. १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर-१ यान शोधा आणि अंतराचा पळता आकडा तिला मोठ्याने वाचायला सांगा. फेट (PhET) या संकेतस्थळावरचे विज्ञानाचे प्रयोग मराठीतही आहेत, त्यातला गुरुत्वाकर्षण आणि कक्षांचा जरूर करा. सूर्य मोठा केला की पृथ्वीचं काय होतं ते तिचं तिलाच सापडू द्या, सांगू नका. वाचायला मराठीत हवं तर अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर विज्ञानाची पुस्तकं आणि टाकाऊतून करायच्या खेळण्यांच्या कृती मोफत आहेत.

यूट्यूबवर तिला एकटीला सोडू नका. अंतराळाच्या नावाखाली बनावट चित्रं फार फिरतात. "मंगळ चंद्राएवढा दिसणार" हा निरोप तर दर ऑगस्टला येतो. आला की लिंबू-हरभरा काढा, तीच सांगेल का शक्य नाही ते.

दुर्बीण इतक्यात घेऊ नका. नासाचं 'स्पॉट द स्टेशन' अ‍ॅप घ्या, स्थानक कधी आणि कुठल्या दिशेने जाणार ते कळतं. संध्याकाळी पाच मिनिटं आधी गच्चीवर जा. लुकलुक न करणारा ठळक ठिपका सरकत येतो आणि पुष्कळदा आकाशाच्या मध्येच विझतो, कारण तो पृथ्वीच्या सावलीत शिरलेला असतो. तेव्हा लगेच खाली येऊ नका. ती काय विचारते ते ऐका, आणि साधारण दीड तासात ते पृथ्वीला एक फेरी मारतं हे तिला तिथेच सांगा.